लेकराच्या पोटातला गोळा : मुलांची काळजी आणि भीती हाताळताना

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की आमच्या बीड जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. प्रार्थना संपते न संपते तोच दुसरी-तिसरीतले एखादे लेकरू पोट धरून कोपऱ्यात बसते आणि काय होते म्हणून विचारले, तर "पोटात दुखायलंय" यापलीकडे काही सांगत नाही. ओवा दिला जातो, आजीला निरोप जातो, आजी येऊन लेकराला घरी नेते आणि दुपारी तेच लेकरू अंगणात खेळताना दिसते. मग सगळे मिळून ठरवतात की हे शाळा बुडवण्याचे सोंग आहे. नोकरीची पहिली काही वर्षे मीही तसेच ठरवत होते. त्या मुलांचे आईवडील आठ-पंधरा दिवसांपूर्वीच कोयता घेऊन ऊसतोडीसाठी साखर कारखान्याकडे गेलेले आहेत हे मला माहीत होते, पण त्या जाण्याचा आणि या पोटदुखीचा संबंध जोडायला मला उशीर लागला. त्या काळात ज्या मुलांना मी रागावले, त्यांची आठवण अजून टोचते.

मुलांच्या मनातली काळजी हाताळण्याची वेळ ज्यांच्यावर पहिल्यांदाच आली आहे, अशा आईवडिलांसाठी, नातवंडे सांभाळणाऱ्या आजी-आजोबांसाठी, नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी आणि अंगणवाडीताईंसाठी हे लिहिले आहे. यातले बहुतेक करायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. वेळ, धीर आणि एक वही एवढे पुरते. जिथे ते पुरत नाही तिथे कोणाकडे जायचे, तेही पुढे सांगितले आहे.

दुखणे खरे असते

धोका जाणवला की मेंदू शरीराला पळण्याच्या किंवा लढण्याच्या तयारीत आणतो. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनालिन सोडतात, हृदय धडधडू लागते, श्वास उथळ आणि जलद होतो, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते आणि पचनाचे काम मंदावते. त्यामुळे पोटात गोळा येतो, मळमळते, घशाला कोरड पडते, पुन्हा पुन्हा लघवीला जावेसे वाटते. बांधावर साप दिसला तर हीच यंत्रणा जीव वाचवते; पण सापापुढे आणि फळ्यापुढे ती सारखीच चालू होते, आणि धोका खरा आहे की मनातला, याची शहानिशा मेंदू नंतर करतो. म्हणून पोट दुखते असे म्हणणारे मूल बहुतेक वेळा खोटे बोलत नसते. घरी गेल्यावर त्याचे दुखणे थांबते, कारण धोका टळल्याचा निरोप शरीराला पोचलेला असतो.

काही भीती वयाबरोबर येतात आणि वयाबरोबर जातात. आठ-नऊ महिन्यांचे बाळ अनोळखी माणसाकडे जाताना रडते, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंधार, भूत, मोठा आवाज यांची भीती वाटते, सात-आठ वर्षांनंतर आजारपण, अपघात, आईवडिलांचे मरण असे विचार येऊ लागतात, आणि तेरा-चौदाव्या वर्षी चारचौघांत हसे होण्याची धास्ती सगळ्यांत मोठी होते. यातली कोणतीही भीती आजार नाही. भीतीमुळे मुलाचे खाणे, झोपणे, खेळणे, शाळेत जाणे अडू लागले आणि ते काही आठवडे तसेच चालले, तर मात्र मोठ्यांनी हात द्यायला हवा.

पहिली पायरी : अंगाची भाषा वाचणे

लहान मूल "मला काळजी वाटते" असे म्हणत नाही. ते नखे कुरतडते, अंथरूण ओले करू लागते, रात्री दचकून उठते, आईच्या पदराला चिकटून राहते किंवा क्षुल्लक गोष्टीवरून अंगावर धावून येते. मुलग्यांच्या बाबतीत हे चिडणे आपण हट्टीपणा समजून मोकळे होतो आणि त्यामागची भीती बघायची राहून जाते. अगदी शहाण्यासारखे वागणारे, कधीच काही न मागणारे, गृहपाठातले एक अक्षर चुकले तर सगळे पान फाडून पुन्हा लिहिणारे मूलही आतून घाबरलेले असू शकते. शिक्षकांना असे मूल आवडते आणि म्हणूनच ते नजरेतून सुटते.

एका वहीत आठ-दहा दिवस नोंद ठेवा. दुखणे कोणत्या वारी आले, किती वाजता, त्याआधी काय झाले होते, कशाने कमी झाले. रविवारी आणि सुट्टीत पोट दुखत नसेल, पण सोमवारी सकाळी दुखत असेल, तर ती वहीच तुम्हाला अर्धे उत्तर देते.

पण त्याआधी दोन गोष्टी तपासा. एक म्हणजे मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन साधी तपासणी करून घ्या, कारण जंत, रक्ताची कमतरता, लघवीतला जंतुसंसर्ग, अंधुक दिसणे ही कारणेही आपल्याकडे भरपूर आढळतात आणि रक्त कमी असलेल्या मुलीची छाती धडधडते ती काळजीने असेलच असे नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मूल ज्या जागेला किंवा माणसाला घाबरते, तिथे खरोखर धोका आहे का, हे आधी पाहा. वाटेत कोणी अडवते का, वर्गात कोणी मारते का, नात्यातले किंवा शेजारचे कोणी नको तिथे हात लावते का, शाळेच्या शौचालयात पाणी आणि कडी आहे का. सहावी-सातवीतल्या मुलींची पोटदुखी पाळी आणि शौचालय या दोन शब्दांपाशी येऊन थांबते, असे मी अनेकदा पाहिले आहे. शाळेत मारणे आणि मानसिक छळ करणे यांना २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी घातली आहे, आणि लैंगिक अत्याचाराविरुद्ध २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. धोका खरा असेल तर मुलाला धीट करत बसू नका, आधी धोका दूर करा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यानंतरच्या आहेत.

दुसरी पायरी : भीतीला नाव आणि माप देणे

आपल्या भाषेत भीतीसाठी शब्दांची कमी नाही. धाकधूक, हुरहूर, धसका, धास्ती, धडकी, घोर, घालमेल. यातला प्रत्येक शब्द वेगळ्या अनुभवाचा आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री वाटते ती धाकधूक, आई गावाला गेल्यावर संध्याकाळी दाटते ती हुरहूर, आणि कुत्रे अंगावर आल्यानंतर कित्येक दिवस मनात बसतो तो धसका. हे शब्द मुलांसमोर मोठ्याने वापरा. "तुला धसका बसलाय व्हय बाळा?" असे विचारल्यावर मान हलवणारे मूल, "काय झालं? बोल ना!" या प्रश्नापुढे गप्प बसते. ज्याला नाव मिळाले त्याबद्दल बोलता येते.

मग ती अंगात कुठे आहे ते विचारा. जमिनीवर खडूने माणसाचे चित्र काढून "दाखव बरं, कुठं होतंय" म्हटले, की मुले बिनचूक पोटावर, छातीवर, गळ्यावर बोट ठेवतात.

मापासाठी मी पाण्याची भांडी वापरते, कारण आमच्याकडचे मूल शंभरपैकी गुण समजण्याच्या आधी पाण्याचे माप शिकलेले असते. भीती वाटीभर आहे, तांब्याभर आहे, कळशीभर आहे की रांजणभर? हे माप पुढे फार कामाला येते. काल रांजणभर होती ती आज कळशीवर आली, हे मुलाला स्वतःच्या तोंडाने सांगता येते, आणि भीती कमी-जास्त होते हे त्याला पहिल्यांदाच उमगते. तोपर्यंत त्याला वाटत असते की ती एकदा आली की जातच नाही.

तिसरी पायरी : ऐकणे

या पायरीवर आपण मोठी माणसे बहुतेकदा घसरतो. मूल एक वाक्य बोलते आणि आपण लगेच "त्यात काय घाबरायचं?" म्हणून ते मिटवून टाकतो. "भित्रा भागूबाई", "पोरगा असून रडतोस", "तुझ्यापेक्षा धाकटी बघ कशी धीट आहे" या वाक्यांनी भीती कमी होत नाही. ती लपते, आणि लपलेल्या भीतीवर आपल्याला काही करता येत नाही.

समोरासमोर बसवून चौकशी केली तर मुले आखडतात. शेंगा फोडताना, जनावरांना पाणी दाखवताना, वेणी घालताना, अंथरुणावर पडल्यावर ती आपणहून बोलतात. त्या वेळी हातातले काम चालू ठेवा आणि फक्त त्यांचेच म्हणणे त्यांना परत सांगा : "म्हंजी सर नाव घेतात तवा छातीत धडधडतं." एवढ्यावर थांबा. उपाय सांगण्याची घाई करू नका; मुलाला अजून दोन वाक्ये बोलायची असतात आणि खरी गोष्ट बहुधा त्या दोन वाक्यांत असते.

चौथी पायरी : अंग शांत करणे

घाबरलेल्या मुलाला "शांत हो" म्हणून ते शांत होत नाही, पण श्वास हा शरीराचा असा एक कासरा आहे की तो आपल्या हातात येतो. श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा लांबवला, की हृदयाची गती उतरू लागते. मुलांना हे गरम दुधाच्या उदाहरणाने शिकवावे. नाकाने सावकाश चार अंक मोजेपर्यंत श्वास घ्यायचा, दुधाचा वास घेतल्यासारखा, आणि मग साय हलेल पण दूध सांडणार नाही इतक्या हळू फुंकरीने सहा अंक मोजेपर्यंत तो सोडायचा. पोटावर हात ठेवला की पोट फुगते आणि बसते हे जाणवते. असे आठ-दहा वेळा.

याचा सराव मूल मजेत असताना रोज करून घ्या. घाबरलेल्या क्षणी नवीन काही शिकता येत नाही. विहिरीत पडल्यावर पोहणे शिकवता येत नाही तसेच हे आहे. आणि तुम्ही स्वतः त्या वेळी हळू श्वास घ्या, हळू बोला. लहान मूल आपला चेहरा बघून ठरवते की घाबरायचे की नाही.

पाचवी पायरी : खरे सांगणे, पण मुलाच्या मापाचे

मुलांच्या चिंतेविषयी जे लिहिले जाते, त्यात बहुतेक वेळा असे गृहीत धरलेले असते की मुलाची भीती मनाची आहे आणि बाहेर सगळे ठीक आहे. मराठवाड्यात तसे गृहीत धरता येत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. २०२५ च्या पावसाळ्यात धाराशिव, बीड, नांदेडच्या गावांत पुराचे पाणी घरांत शिरले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली, आणि त्यानंतर कितीतरी दिवस त्या भागातली लहानमोठी माणसे छताखाली झोपायला धजत नव्हती. ज्या मुलाने गोठ्यातली म्हैस वाहून जाताना पाहिली आहे, त्याला "काही होत नाही, उगीच घाबरू नको" असे सांगणे खोटे आहे, आणि ते खोटे आहे हे त्याला कळते. त्यानंतर तुमच्या खऱ्या शब्दांवरही त्याचा विश्वास बसत नाही.

म्हणून खरे सांगा, मात्र त्याला पेलेल एवढेच सांगा. यासाठी तीन वाक्यांची एक घडी मला उपयोगी पडली आहे. काय झाले आहे, मोठी माणसे त्यावर काय करत आहेत, आणि तुझे काम काय. उदाहरणार्थ, "यंदा पाण्यानं सोयाबीन गेलं, म्हणून घरात पैसे कमी आहेत. आबा आणि काका त्याच्या मागं आहेत, पंचनामा झालाय, आपण रब्बीची तयारी करतोय. तुझं काम शाळेत जायचं आणि संध्याकाळी वासराला पाणी दाखवायचं." शेवटचे वाक्य गाळू नका. ज्याला करण्यासारखे एक लहान काम असते, ते मूल काळजीत बुडत नाही. पण ते काम खरोखर त्याच्या वयाचे असले पाहिजे. दुकानदाराकडे "बापू घरी नाहीत" असा निरोप घेऊन मुलाला पाठवणे, किंवा सावकार दारात आला की त्याला पुढे करणे, हे त्याच्या वयाचे काम नाही.

एका खोलीच्या घरात रात्रीचे बोलणे मुलांच्या कानांवर पडते. वाकळ तोंडावर घेऊन पडलेले लेकरू झोपलेले आहे असे समजून आपण मुकादमाकडून ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेली उचल, बँकेची नोटीस, लग्नाचा खर्च यांवर बोलतो आणि ते अर्धे ऐकून उरलेले मनाने भरते. मनाने भरलेले नेहमी खऱ्यापेक्षा भयंकर असते. असे बोलणे कानांवर गेल्याचे लक्षात आले, तर दुसऱ्या दिवशी वरची तीन वाक्ये सांगा.

याच ठिकाणी एक कठीण गोष्ट लिहिणे भाग आहे. ज्या गावात एखाद्या शेतकऱ्याने जीव दिला, त्या गावातली इतर मुले आपापल्या बापावर नजर ठेवू लागतात. बाप रात्री शेतात निघाला की ती झोपत नाहीत, त्याच्या मागे मागे जातात, शाळेत त्यांचे लक्ष लागत नाही. अशा मुलाजवळ तो विषय टाळू नका. काय झाले ते तपशिलात न शिरता साध्या शब्दांत सांगा, ती कोणाची चूक नव्हती हे सांगा, आणि बापाने स्वतः मुलाला जवळ घेऊन "मला काळजी आहे, पण मी मदत घेतोय, माझ्यावर पहारा द्यायचं काम तुझं नाही" असे म्हणणे शक्य असेल, तर त्यासारखा उपाय नाही. फवारणीचे औषध घरात उघडे ठेवू नका, कुलपात ठेवा. घरातल्या कोणत्याही मोठ्या माणसाच्या मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर आधी त्याच्यासाठी मदत मागा. मुलाची भीती तिथूनच येत असते.

सहावी पायरी : भीतीच्या दिशेने लहान लहान पावले

ही पायरी सगळ्यांत जास्त काम करते आणि सगळ्यांत जास्त चुकीची केली जाते, म्हणून ती सावकाश वाचा.

भीती वाटली की मूल त्या गोष्टीपासून दूर पळते. दूर गेल्याबरोबर बरे वाटते. मेंदू त्यातून शिकतो की पळालो म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी भीती अधिक लवकर, अधिक जोरात येते. आजी पहिल्याच हाकेला येऊन घरी नेते तेव्हा ती मायेनेच नेते, पण शाळेची भीती त्याने एका बोटाने वाढते. उलट बाजूला, रडणाऱ्या मुलाला उचलून वर्गात कोंबले आणि दार लावले, तर ते एवढेच शिकते की माझे कोणी ऐकत नाही. या दोन्हींच्या मधली वाट जिन्यासारखी आहे.

दुसरीतल्या एका मुलीचा जिना सांगते. आईवडील उसाला गेल्यावर तिने शाळेत येणे बंद केले होते. पहिल्या रविवारी, शाळा बंद असताना, ती आजीसोबत शाळेच्या फाटकापर्यंत आली आणि लिंबाखाली बसून गोळी खाऊन गेली. पुढच्या दोन दिवशी संध्याकाळी मुले गेल्यावर रिकाम्या वर्गात येऊन तिने फळ्यावर चित्र काढले. मग सकाळी फक्त प्रार्थनेपुरती आली. मग खिचडीपर्यंत थांबली, आजी व्हरांड्यात बसलेली. मग आजी व्हरांड्यात नव्हती, पण दुपारी बारा वाजता येणार हे ठरलेले होते, आणि ती बरोबर बारा वाजता आली. शेवटी पूर्ण दिवस. प्रत्येक पायरीवर तिला विचारत होतो, वाटी की तांब्या की कळशी? कळशीभर भीती तांब्यावर उतरेपर्यंत ती त्याच जागी थांबायची. भीती वर चढलेली असतानाच मूल घरी गेले तर ती पायरी फुकट जाते, एवढे एकच पथ्य कडक आहे. संक्रांतीच्या सुमारास तिला ताप आला आणि त्यानंतर पुन्हा दोन पायऱ्या मागे जावे लागले. असे होतेच. मागे गेलेल्या मुलाला "झालं, पुन्हा सुरू केलंस" असे म्हणू नका. जिना तोच आहे, दुसऱ्यांदा चढायला कमी वेळ लागतो.

पायऱ्या मुलाने स्वतः सांगितलेल्या असाव्यात, आणि कौतुक न घाबरल्याचे करू नका, घाबरत असूनही थांबल्याचे करा. अंधाराची, कुत्र्याची, वर्गात उभे राहून वाचण्याची भीती अशाच जिन्याने उतरते. वाचनाला घाबरणाऱ्या मुलाने आधी म्हशीसमोर वाचावे, मग धाकट्या बहिणीसमोर, मग दोन मित्रांसमोर, आणि मग वर्गात एकच ओळ.

याच्या जोडीला एक सवय मोडावी लागते. काही मुले एकच प्रश्न दिवसातून वीस वेळा विचारतात : "आई, तू येशील ना? नक्की येशील ना?" प्रत्येक वेळी दिलेले "हो" पाच मिनिटे टिकते. पहिल्यांदा खरे उत्तर द्या. दुसऱ्यांदा मायेनेच विचारा, "मी मघाशी काय सांगितलं होतं?" उत्तर मुलाच्या तोंडून येऊ द्या. आणि दिवसभर घोकणाऱ्या मुलाला संध्याकाळी दिवेलागणीनंतरची दहा मिनिटे काळजीची वेळ म्हणून ठरवून द्या. दिवसा आलेली काळजी कागदावर लिहायची किंवा चित्र काढून डब्यात टाकायची, आणि त्या दहा मिनिटांत डबा उघडून एकत्र वाचायचे. निम्म्या चिठ्ठ्या तोपर्यंत मुलालाच महत्त्वाच्या वाटत नाहीत.

आईवडील उसाला गेलेले असतील तर

मूल झोपेत असताना निघून जाऊ नका. रडारड टळते म्हणून अनेक जण पहाटे गुपचूप निघतात, पण त्यानंतर ते मूल कितीतरी महिने झोपायला घाबरते. जाण्याचा दिवस, परत येण्याचा अंदाज आणि कोण जेवू घालणार, कोण शाळेत सोडणार, हे आठ दिवस आधी सांगा. मूल तारखा समजत नसेल तर सण सांगा : दिवाळीनंतर जाणार, मध्ये संक्रांत, मग शिमगा, आणि पाडव्याच्या आसपास येणार. दिनदर्शिकेवर रोज एक फुली मारायला द्या. आईच्या जुन्या लुगड्याची वाकळ मुलाच्या अंगावर असू द्या. त्या वासाने लहान लेकरू झोपते, हे आजींना पिढ्यान्पिढ्या माहीत आहे.

फोनची वेळ ठरवा, पण उसाच्या फडात फोन लागेलच असे वचन देऊ नका. "बुधवारी आणि रविवारी सात वाजता, नाही लागला तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी" असे सांगितले, की न लागलेल्या फोनचा अर्थ मूल भलताच लावत नाही. गावात हंगामी वसतिगृह असेल तर चौकशी करा, कारण आईवडिलांसोबत फडावर गेलेल्या मुलाची शाळा तुटते, आणि तुटलेली शाळा पुन्हा गाठण्याची भीती वर्षभर पुरते.

दहावी, बारावी आणि नीटची वर्षे

लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरच्या शिकवण्यांसाठी खोली घेऊन राहणारी मुले सोळा-सतराव्या वर्षी घर सोडतात. घरच्यांनी जमिनीचा तुकडा विकून शुल्क भरलेले असते आणि ते मुलाला माहीत असते. त्याला प्रत्येक फोनवर चाचणीचे गुण विचारू नका. आठवड्यातून एकदा विचारा. बाकीच्या दिवशी काय जेवलास, किती झोपलास, कोणाशी बोललास हे विचारा. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तासांची झोप लागते आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तासांची. रात्री एकपर्यंत जागून पहाटे चारला उठणाऱ्या मुलाची छाती धडधडते त्यात चहाचा आणि जागरणाचाही वाटा असतो. वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा पार नाही झाली तर काय, हा प्रश्न घरात परीक्षेच्या आधीच मोकळेपणाने बोलून ठेवा. दुसरा रस्ता दिसत असलेले मूल पहिल्या रस्त्यावर जास्त नीट चालते.

दृष्ट, अंगारा आणि दवाखाना

मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढणाऱ्या आजीशी भांडू नका. नातवाला मांडीवर घेऊन ती जो हात फिरवते, त्याने लेकरू निवते. पण तेवढ्यावर थांबूही नका. आणि मिरच्यांची धुरी, डाग देणे, मारून "बाधा" उतरवणे यांपैकी काहीही कोणी सुचवले तर ठाम नकार द्या. भूत उतरवण्याच्या नावाखाली असा छळ करणे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि घाबरलेल्या मुलाला त्यातून आयुष्यभराचा धसका बसतो.

तज्ज्ञांकडे कधी आणि कसे जावे

महिनाभर मनापासून प्रयत्न करूनही शाळा सुटलेलीच असेल, वजन उतरत असेल, झोप मोडत असेल, मूल घराबाहेर कोणाशीच बोलत नसेल, काही मिनिटांत कळस गाठणारे धडधडीचे झटके येत असतील, किंवा हात धुणे, कडी तपासणे अशी एकच कृती तासन्‌तास चालत असेल, तर वाट पाहू नका. मूल स्वतःला इजा करत असेल किंवा मरण्याची भाषा करत असेल, तर त्याच दिवशी जा आणि तोपर्यंत त्याला एकटे सोडू नका.

टेली-मानस ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६; चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येते. मुलाला कोणी मारत असेल, त्रास देत असेल, तर १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक आहे. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये येथे मानसोपचार विभाग आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते तेव्हा शिक्षकांनी अशा मुलांविषयी त्यांच्याशी बोलावे. मुलांच्या चिंतेवर पहिला उपचार बहुधा बोलण्याचा असतो, आणि तो वर सांगितलेल्या जिन्याच्याच जातीचा, फक्त अधिक बारकाईने केलेला असतो. औषध लागलेच तर ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. मेडिकलमधून झोपेची गोळी आणून मुलाला देऊ नका.

पहिल्या भेटीला जाताना ती वही सोबत न्या. डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो, आणि "लई दिसापासून असंच हाय" यापेक्षा "सात तारखेपासून, शाळेच्या दिवशी, सकाळी साडेनऊला" हे त्यांना जास्त सांगते. मुलाला आदल्या दिवशी कुठे जायचे आहे ते सांगा : तिथे सुई नाही, एक बाई किंवा दादा तुझ्याशी बोलतील, मी दाराबाहेर बसलेली असेन. आणि मग खरोखर दाराबाहेरच बसा, चहाला जाऊ नका. दार उघडून बाहेर येणारे लेकरू आधी तिथेच बघते.